यूसेबिओ

यूसेबिओ : (२५ जानेवारी १९४२–५ जानेवारी २०१४). आफ्रिकेत जन्मलेला व पोर्तुगालकडून खेळलेला जगद्‌विख्यात फुटबॉलपटू. लिस्बन येथील बेन्फिका या क्लबचा आघाडीचा खेळाडू. पूर्ण नाव यूसेबिओ द सिल्व्हा फरेरा. जन्म मोझँबीकची राजधानी लोरेन्सू मार्केस (विद्यमान मापूतो) येथे. त्याचे वडील अंगोलातील मालांजे येथून आलेले गोरे रेल्वे-कामगार होते, तर आई मोझँबीकमधील कृष्णवर्णीय होती. तो आठ वर्षांचा असताना वडील धनुर्वाताने वारले व कुटुंबाचा भार एकट्या आईवर पडला. यूसेबिओचे बालपण माफालाला या शहराच्या कडेच्या वस्तीत, लाकडी तक्ते व पत्रे यांनी उभारलेल्या घरांच्या दाटीत गेले. जुन्या मोज्यांत चिंध्या व कागद कोंबून केलेल्या चेंडूने अनवाणी खेळणे हेच तेथील मुलांचे फुटबॉल-शिक्षण होते. यूसेबिओ व त्याचे सवंगडी यांनी आपल्या संघाला ‘ब्राझीलियन’ हे नाव दिले होते आणि त्या काळच्या ब्राझीलच्या नामवंत खेळाडूंची नावे आपसांत वाटून घेतली होती.

यूसेबिओच्या कारकीर्दीचा अर्थ लक्षात येण्यासाठी त्या काळच्या पोर्तुगीज साम्राज्याची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपारचे प्रांत’ असे नाव दिले. गोवा, दमण व दीव हे प्रदेशही याच नामकरणाखाली आले होते. पोर्तुगाल हे अनेक खंडांत पसरलेले एकच राष्ट्र असून त्यात वर्णभेदाला स्थान नाही, असा पंतप्रधान आंतोन्यू सालाझार याच्या राजवटीचा दावा होता. वस्तुस्थिती निराळी होती. मोझँबीकमधील बहुसंख्य आफ्रिकी लोक कायद्याने ‘देशी’ गणले जात. त्यांना नागरिकत्वाचे हक्क नव्हते आणि सक्तीच्या मजुरीपासून संरक्षणही नव्हते. पोर्तुगीज भाषा, पेहराव व चालीरीती अंगीकारल्याचे सिद्ध करणाऱ्यासच ‘आत्मसात झालेला’ असा दर्जा मिळे. अशांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कितीतरी कमी होते. हा भेद कायद्यातून १९६१ च्या सप्टेंबरमध्ये काढून टाकण्यात आला, म्हणजे यूसेबिओ लिस्बनला पोहोचल्यानंतर.

फुटबॉलच्या मैदानावरही हीच विभागणी होती. शहराच्या मुख्य भागातील क्लब युरोपीयांचे होते व त्यांतील बरेचसे लिस्बनमधील क्लबांच्या शाखाच होत्या. उपनगरांतील आफ्रिकी संघांची संघटना वेगळी होती. तथापि गुणी आफ्रिकी खेळाडूंना गोऱ्यांच्या क्लबांत व तेथून पोर्तुगालमध्ये नेण्याची वाट दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली होती. लोरेन्सू मार्केस येथूनच गेलेला मातातेउ हा १९५० नंतरच्या दशकात लिस्बनच्या बेलेनेन्सेश या क्लबचा प्रमुख गोल करणारा खेळाडू होता. मारिओ कोलुना हा १९५४ मध्ये बेन्फिकात दाखल झाला. अंगोलाचा झोझे आग्वास हा त्या क्लबचा कर्णधार झाला. बेन्फिका क्लब केवळ पोर्तुगीज खेळाडूंनाच संघात घेई व त्याचा त्यास मोठा अभिमान होता. हा नियम १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकला. परंतु वसाहतींतील खेळाडू कागदोपत्री पोर्तुगीजच ठरत असल्यामुळे या स्वदेशीच्या अभिमानाचा मोठा आधार आफ्रिका हाच होता.

यूसेबिओला प्रथम बेन्फिकाची स्थानिक शाखा असलेल्या क्लबात प्रवेश हवा होता. पण तेथे त्याची दखल घेतली गेली नाही. तेव्हा तो स्पोर्टिंग क्लब दी लोरेन्सू मार्केस या प्रतिस्पर्धी क्लबाकडे गेला. उच्चभ्रूंचा व पोलीस अधिकाऱ्यांचा क्लब अशी त्याची ख्याती होती आणि माफालालातील मुलांना त्याविषयी आपुलकी नव्हती. तेथे त्याने केलेल्या गोलांमुळे त्याचे नाव लवकरच बाहेर पसरले. १९६० मध्ये ब्राझीलचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू झोझे कार्लुस बाउएर हा एका ब्राझीलियन संघाचा प्रशिक्षक म्हणून मोझँबीकच्या दौऱ्यावर आला असता त्याने यूसेबिओचा खेळ पाहिला. पुढे लिस्बनमध्ये त्याची गाठ बेन्फिकाचा हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमान याच्याशी पडली. बाउएर पूर्वी गुटमानच्या हाताखाली खेळलेला होता. एका केशकर्तनालयात झालेल्या या भेटीत त्याने गुटमानला या मुलाविषयी सांगितले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे.

यानंतर जे घडले, त्यास खेळाडूची खरेदी म्हणण्यापेक्षा पळवापळवी म्हणणे अधिक योग्य होईल. स्पोर्टिंगची लोरेन्सू मार्केसमधील शाखा आपला खेळाडू लिस्बनमधील मातृसंस्थेकडेच जाणार असे धरून चालली होती. बेन्फिकाने मात्र यूसेबिओच्या आईशी थेट बोलणी करून करार केला. १९६० च्या डिसेंबरमध्ये अठरा वर्षांचा यूसेबिओ विमानाने लिस्बनला आला. पत्रव्यवहारात त्याच्यासाठी ‘रूथ मालोसो’ हे एका स्त्रीचे सांकेतिक नाव वापरण्यात आले होते. स्पोर्टिंगच्या माणसांच्या हाती तो लागू नये म्हणून त्यास काही दिवस देशाच्या दक्षिण किनाऱ्यावरील लागुश या गावातील हॉटेलात लपवून ठेवण्यात आले. दोन्ही क्लबांतील वाद मिटून त्याची नोंदणी होण्यास १९६१ चा मे महिना उजाडला. या पाच महिन्यांत त्याला एकही अधिकृत सामना खेळता आला नाही. परक्या थंड शहरात कोलुनानेच त्याला वडील भावाप्रमाणे सांभाळले. मुलाकडे लक्ष ठेवावे, अशी विनंती करणारे पत्र आईने कोलुनाच्या नावे दिले होते, असे सांगतात.

२३ मे १९६१ रोजी एका मैत्रीच्या सामन्यात तो बेन्फिकाकडून प्रथम खेळला व त्याने तीन गोल केले. त्यानंतर आठवडाभरातच बेन्फिकाने बार्सेलोनाला ३–२ असे हरवून युरोपीय करंडक जिंकला. त्या सामन्यात यूसेबिओ नव्हता. जूनमध्ये पॅरिस येथील स्पर्धेत बेन्फिकाची गाठ पेलेच्या सांतुस संघाशी पडली. संघ मोठ्या फरकाने मागे पडल्यावर गुटमानने यूसेबिओला मैदानात उतरविले आणि त्याने थोड्याच वेळात तीन गोल केले. सामना सांतुसने ६–३ असा जिंकला. पण फ्रेंच वृत्तपत्रांचे लक्ष पराभूत संघातील या अनोळखी मुलाकडेच वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाकडून लक्सेंबर्गविरुद्ध प्रथम खेळला. त्या सामन्यात त्याने एक गोल केला, तरी पोर्तुगालचा पराभव झाला.

२ मे १९६२ रोजी ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या युरोपीय करंडकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकापुढे रेआल माद्रिद हा संघ होता. हा करंडक आरंभापासून सलग पाच वेळा त्याच संघाने जिंकला होता. फेरेन्त्स पुश्काशने पूर्वार्धातच तीन गोल केले व मध्यंतरास माद्रिदकडे ३–२ अशी आघाडी होती. उत्तरार्धात कोलुनाने बरोबरी साधली आणि पुढील दोन्ही गोल वीस वर्षांच्या यूसेबिओने केले : पहिला पेनल्टीवर, दुसरा फ्रीकिकवर. सामना बेन्फिकाने ५–३ असा जिंकला. माद्रिदचा आल्फ्रेदो दी स्तेफानो हा यूसेबिओचा आदर्श होता. त्याच्या व पुश्काशच्या पिढीनंतर युरोपीय फुटबॉलमध्ये कोणाचे युग येणार, या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मिळाले असे अनेक जाणकार मानतात. यानंतर गुटमान पैशांच्या वादावरून क्लब सोडून गेला. जाताना त्याने शंभर वर्षे बेन्फिका युरोपीय करंडक जिंकणार नाही असा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेपणा कसाही असो, त्यानंतर २०१४ पर्यंत हा क्लब युरोपीय स्पर्धांचे आठ अंतिम सामने खेळला व आठही हरला. त्यांतील तीन यूसेबिओच्या वाट्याला आले : १९६३ मध्ये मिलानविरुद्ध, १९६५ मध्ये इंटर मिलानविरुद्ध व १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. या शेवटच्या सामन्यात बरोबरी असताना अखेरच्या मिनिटांत त्याचा जोरदार फटका गोलरक्षक ॲलेक्स स्टेपनीने अडविला. यूसेबिओने थांबून त्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या. जादा वेळेत बेन्फिका ४–१ असा हरला.

यूसेबिओ हा रूढ अर्थाने मधला आघाडीपटू नव्हता. बेन्फिकात व राष्ट्रीय संघातही ते स्थान बहुधा उंचापुरा झोझे तोरेस सांभाळी. यूसेबिओ त्याच्या किंचित मागून वा बाजूने धाव घेई. त्याच्या खेळाचे मर्म वेगात होते. परंतु केवळ धावण्याच्या वेगात नव्हे. पूर्ण वेगात असताना चेंडूवरील ताबा न सोडता, पाऊल न अडखळता फटका मारण्याची त्याची हातोटी विरळा होती. त्याचा उजव्या पायाचा फटका वीस-पंचवीस मीटर अंतरावरूनही गोलरक्षकाला हालचालीची सवड देत नसे. त्यामुळे त्यास अडविणाऱ्या बचावपटूपुढे पेच पडे : जवळ जावे तर तो बाजूने निसटे, अंतर राखावे तर तो तेथूनच चेंडू मारी. साहजिकच अनेकांनी तिसरा मार्ग पत्करला व त्याचे पाय लाथाडले. त्याच्या डाव्या गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. असे असूनही प्रतिस्पर्ध्याशी हुज्जत न घालणारा खेळाडू म्हणून त्याची कीर्ती होती. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यास ‘ब्लॅक पँथर’ हे नाव दिले व ते जगभर रूढ झाले. त्यात कौतुक होते हे खरे. तथापि गोऱ्या खेळाडूंचे डावपेच वाखाणावेत आणि काळ्या खेळाडूला हिंस्र पशूची उपमा द्यावी, ही त्या काळच्या क्रीडालेखनाची खोड होती, हेही नमूद केले पाहिजे.

१९६६ ची इंग्लंडमधील विश्वचषक स्पर्धा हा त्याच्या कारकीर्दीचा कळस होय. पोर्तुगालचा संघ या स्पर्धेस प्रथमच पात्र ठरला होता. कर्णधार कोलुना, बचावपटू हिलारिओ, मातातेउचा भाऊ व्हिसेंत व यूसेबिओ हे चौघे मोझँबीकमध्ये जन्मलेले होते. पोर्तुगालने गटात हंगेरी व बल्गेरियाला हरविले आणि १९६२ च्या विश्वविजेत्या ब्राझीलला ३–१ असे स्पर्धेबाहेर घालविले. त्या सामन्यात यूसेबिओने दोन गोल केले. पेलेला मात्र पोर्तुगीज बचावपटूंच्या धसमुसळ्या खेळामुळे जायबंदी अवस्थेत लंगडत वावरावे लागले. २३ जुलै रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाने पंचवीस मिनिटांतच तीन गोल करून सर्वांना थक्क केले. त्यानंतर यूसेबिओने ओळीने चार गोल केले, त्यांपैकी दोन पेनल्टीवर. गोल होताच आनंद व्यक्त करण्यात वेळ न दवडता तो जाळ्यातून चेंडू उचलून स्वतःच मध्यभागी धावत नेत असे. हे दृश्य त्या स्पर्धेच्या चित्रफितींतून अजरामर झाले आहे. पाचवा गोल झोझे आउगुस्तूने केला व पोर्तुगाल ५–३ असा विजयी झाला. उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या नॉबी स्टाइल्सने त्यास जखडून ठेवले. बॉबी चार्लटनच्या दोन गोलांना उत्तर म्हणून अखेरीस यूसेबिओने पेनल्टीवर एक गोल केला. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला हा पहिलाच गोल होता. पराभवानंतर जर्सीने डोळे पुसत मैदानाबाहेर जाणाऱ्या यूसेबिओचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात त्याने सोव्हिएट रशियाचा गोलरक्षक लेव्ह याशिन याच्यावर पेनल्टीवर गोल केला व पोर्तुगालने तो सामना २–१ असा जिंकला. एकूण नऊ गोल करून तो स्पर्धेत सर्वप्रथम आला.

या यशाला एक विसंगत पार्श्वभूमी आहे. १९६६ च्या स्पर्धेत आफ्रिकेचा एकही संघ नव्हता. आफ्रिकी विजेत्यास थेट प्रवेश न देता आशियाई विजेत्याशी आणखी एक सामना खेळण्यास भाग पाडणारी अट आफ्रिकी देशांना अपमानास्पद वाटली व घानाच्या पुढाकाराने त्यांनी पात्रता फेरीवर बहिष्कार टाकला होता. अशा रीतीने, ज्या स्पर्धेकडे स्वतंत्र आफ्रिकेने पाठ फिरविली, त्याच स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आफ्रिकेचा पुत्र होता. परंतु ते गोल पोर्तुगालच्या खाती जमा झाले. बहिष्काराचा परिणाम झाला व १९७० पासून आफ्रिकेस विश्वचषकात एक हक्काची जागा मिळाली.

सालाझारच्या राजवटीस यूसेबिओचा उपयोग उघड होता. १९६१ च्या आरंभी अंगोलात सशस्त्र उठाव झाला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये मोझँबीक मुक्ती आघाडी (फ्रेलिमो) स्थापन होऊन १९६४ च्या सप्टेंबरमध्ये तिने लढा सुरू केला. जगभर टीकेचे लक्ष्य बनलेल्या साम्राज्याला, कृष्णवर्णीय कर्णधार व कृष्णवर्णीय नायक असलेला राष्ट्रीय संघ हा वर्णभेद नसल्याचा पुरावा म्हणून पुढे करता आला. फादू हे गायन, फुटबॉल व फातिमाची यात्रा यांच्या आधारे ही राजवट लोकांना गुंगवून ठेवते, असे विरोधक म्हणत. त्यांतील फुटबॉलचा चेहरा यूसेबिओचा होता. इटलीतील धनाढ्य क्लबांनी त्याला भरघोस रकमा देऊ केल्या होत्या; परंतु तो राष्ट्राची संपत्ती असल्याने त्याने देश सोडता कामा नये असे सालाझारने ठरविल्याचे यूसेबिओने पुढे अनेकदा सांगितले. शिवाय १९६६ नंतर इटलीने परदेशी खेळाडूंना आपल्या साखळी स्पर्धेत बंदी केली व तो मार्गच बंद झाला. त्या काळी पोर्तुगालमध्ये करार संपला तरी क्लबच्या संमतीविना खेळाडूस अन्यत्र जाता येत नसे. युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूंपैकी एक असूनही त्याची मिळकत त्या मानाने बेताची राहिली.

त्याच्या राजकीय मौनाबद्दल मतभेद आहेत. त्याच्याआधी, १९५८ मध्ये, फ्रान्सच्या विश्वचषक संघात निवड होण्याच्या बेतात असलेला अल्जीरियन आघाडीपटू रशीद मखलूफी हा सेंत एत्येन क्लब सोडून अल्जीरियन मुक्ती आघाडीच्या संघात गुप्तपणे सामील झाला होता. माफालालाशी निगडित असलेला मोझँबीकचा श्रेष्ठ कवी झोझे क्राव्हेरिन्या हा १९६५ मध्ये, म्हणजे यूसेबिओ युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला त्याच वर्षी, पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या कैदेत पडला. यूसेबिओने असा कोणताही मार्ग घेतला नाही. आपण राजकारणातले नाही, एवढेच तो म्हणे. त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु अठराव्या वर्षी टोपणनावाआड समुद्रापार आणलेल्या व पुढे आपल्याच व्यवसायात कोठे जायचे हेही ठरवू न शकणाऱ्या खेळाडूकडे निवडीला वाव किती होता, याचा विचार त्याच्या टीकाकारांनी क्वचितच केला आहे. उलट लोरेन्सू मार्केसच्या वस्त्यांत लोक रेडिओभोवती जमून त्याचे गोल ऐकत, ते पोर्तुगालसाठी नव्हे. त्यांच्या लेखी तो त्यांच्यातलाच होता.

मानसन्मानांची व विक्रमांची त्याच्या बाबतीत वाण नाही. १९६५ मध्ये त्याला ‘सुवर्णचेंडू’ हा युरोपीय पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये तो चार्लटनकडून अवघ्या एका गुणाने हुकला. युरोपात सर्वाधिक गोल करणाऱ्यास १९६८ पासून देण्यात येणाऱ्या ‘सुवर्णबूट’ पुरस्काराचा तो पहिला मानकरी होय; १९७३ मध्ये त्याने तो पुन्हा मिळविला. त्याच्या काळात बेन्फिकाने अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. त्यांतील १९७२–७३ च्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही व तीस सामन्यांपैकी केवळ दोन बरोबरीत सुटले. तो स्वतः सात वेळा पोर्तुगीज साखळी स्पर्धेत गोलसंख्येत पहिला आला. पोर्तुगालकडून ६४ सामन्यांत त्याने ४१ गोल केले. हा उच्चांक २००५ पर्यंत अबाधित होता.

२५ एप्रिल १९७४ च्या लष्करी क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही संपली. २५ जून १९७५ रोजी मोझँबीक स्वतंत्र झाला. त्याच वर्षी यूसेबिओने बेन्फिका सोडले व त्यास परदेशी जाण्याची मोकळीक मिळाली. पण तोवर गुडघे निकामी होत आले होते. अमेरिकेत बॉस्टन व लास व्हेगास, कॅनडात टोराँटो, मेक्सिकोत माँतेरे आणि मधल्या काळात पोर्तुगालमधील बैरा-मार व उनियाउ दी तोमार अशा लहानमोठ्या संघांतून तो खेळत राहिला. १९७६ मध्ये टोराँटोच्या संघास उत्तर अमेरिकी साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळाले, तेव्हा अंतिम सामन्यात त्याने गोल केला. निवृत्तीनंतर तो बेन्फिकाकडेच परतला व पुढे क्लबचा आणि पोर्तुगीज राष्ट्रीय संघाचा मानद प्रतिनिधी म्हणून वावरला. १९९२ मध्ये बेन्फिकाच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारण्यात आला. १९९५ मध्ये लायबेरियाचा जॉर्ज वेआ सुवर्णचेंडूचा मानकरी ठरला. आफ्रिकेत जन्मलेल्या खेळाडूस तो मिळण्याची यूसेबिओनंतरची ही पहिलीच वेळ होती; फरक इतकाच, की वेआ आपल्या स्वतंत्र देशाच्या संघाकडून खेळत होता.

यूसेबिओचे लिस्बन येथे हृदयविकाराने निधन झाले. पोर्तुगीज सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला व त्याची शवपेटी बेन्फिकाच्या मैदानाभोवती फिरविण्यात आली. जुलै २०१५ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलविण्यात आले. राष्ट्राध्यक्ष व साहित्यिक यांच्यासाठी राखलेल्या या वास्तूत स्थान मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू होय. फादू गायिका आमालिया रोद्रिगेश हिचे अवशेषही तेथेच आहेत. मारिओ कोलुना स्वातंत्र्यानंतर मोझँबीकला परतला होता व पुढे तेथील फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. यूसेबिओनंतर सात आठवड्यांनी, २५ फेब्रुवारी २०१४ रोजी, मापूतो येथे त्याचे निधन झाले.